पंचेचाळीस दिवसांचा कायदा व गावचा कारागीर

(पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी व शेतकरी मंडळींपुढे एका शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आम्हांस बोलावयास सांगितले आहे ते ‘खेड्यातील लहान धंद्यांस सरकारची मदत’ या विषयावर. विषय लांबरुंद आहे. सरकारी योजनांची नुसती नावे वाचीत बसलो तरी दिवेलागण होईल आणि तुमच्या पदरात नावांखेरीज काही पडणार नाही. सबब आम्ही एकच गोष्ट धरून बोलणार आहो. तुमच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात अडकून पडला असेल तर तो व्याजासकट काढून घेण्याचा हक्क तुम्हांस कायद्याने दिला आहे, आणि तो हक्क गावात जवळजवळ कोणासच ठाऊक नाही.

प्रथम योजना व कायदा यांतला भेद ध्यानात घ्या. योजना म्हणजे पंगतीतल्या वाढप्याच्या हातची पळी. त्याची नजर जिकडे जाईल तिकडे तो वाढील, आणि पातेले संपले की हात झाडून मोकळा होईल. कायदा म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव. ते आहे म्हणून आपण तहसिलीत उभे राहून बोलू शकतो.

तुम्हांपैकी बहुतेकांस विश्वकर्मा योजना माहीत आहे. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, बुरूड अशा १८ धंद्यांना तिच्यात जागा मिळाली. हत्यारांसाठी १५ हजार रुपये, शिकताना रोज ५०० रुपये, आणि तारण न देता ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर आणखी २ लाख कर्ज, असा तिचा मसुदा होता. चांगली गोष्ट आहे, ज्यास मिळाली त्याने घेतली, आम्ही नावे ठेवीत नाही. पण घाण्याचा तेली व हातमागावर बसणारा कोष्टी त्या १८ मध्ये नाहीत. कां नाहीत हे विचारावयास कोणत्या दारी जावे? योजनेला दार नसते. ज्याने यादी केली त्याची मर्जी.

मर्जीचा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही. १९६७ साली सरकारने ४७ जिन्नस लहान कारखानदारांसाठी राखून ठेवले, म्हणजे मोठ्या कारखान्याने ते नव्याने करू नयेत. ही यादी वाढत वाढत ८०० च्या वर गेली. पुढे वारा फिरला, एकेक जिन्नस गळू लागला, आणि एप्रिल २०१५ मध्ये उरलेले शेवटचे २० जिन्नसही मोकळे झाले. एका हुकमाने आले, दुसऱ्या हुकमाने गेले. म्हणून म्हणतो, जे हाती राहते त्याकडे आधी पाहा.

आता ऊसवाल्या शेतकऱ्यांनी जरा कान द्यावा. ऊस कारखान्यास घातल्यावर १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, आणि उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण हुकमात लिहिले आहे. हे तुमच्या तोंडपाठ आहे. कां? कारण त्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, मोर्चे काढावे लागले, आणि अजूनही काढावे लागतात. पण तुमच्याच शेजारच्या आळीतल्या सुताराला विचारा की, ‘बाबा, तुझ्या मालाचे पैसे किती दिवसांत मिळाले पाहिजेत?’ तो म्हणेल, ‘शेठ देईल तेव्हा.’ ऊसवाल्यास १४ दिवस माहीत आहेत, पण सुताराला ४५ दिवस माहीत नाहीत. हीच आमच्या भाषणाची सारी कथा.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम या नावाचा कायदा २००६ साली झाला व त्याच सालच्या २ ऑक्टोबरपासून अंमलात आला. नाव जड आहे, पण पोटातली गोष्ट सोपी आहे. लहान धंदेवाल्याने माल दिला किंवा काम करून दिले, तर लेखी मुदत ठरली नसेल तेव्हा घेणाराने १५ दिवसांत पैसे चुकते करावे. मुदत लिहून ठरविली असेल तर त्या मुदतीत, पण ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. शेठने कागदावर ९० दिवस लिहून तुमची सही घेतली तरी कायदा ४५ च मोजतो.

मुदत टळली म्हणजे व्याज सुरू. तेही साधे नव्हे. रिझर्व्ह बँकेचा जो बँक दर असेल त्याच्या तिप्पट, आणि दरमहा चढणारे चक्रवाढ. फेब्रुवारी २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे तिप्पट झाले २०.२५ टक्के. त्या दराने ४० हजारांची बाकी एक वर्ष थकली तर व्याज सुमारे ८,९०० रुपये होते. दर उतरला की व्याजही उतरते. पण आजवर चक्रवाढ हा शब्द आपल्या घरांनी सावकाराच्या तोंडूनच ऐकला होता. येथे तो प्रथमच आपल्या बाजूने उभा आहे!

आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत. तालुक्याच्या एका बांधकामवाल्याला त्यांनी दारे-चौकटी करून दिल्या. दिवाळीला माल गेला. शिमगा झाला, आखाडी झाली, पैसे नाहीत. ‘गुरुजी, उद्या या म्हणतो हो,’ असे ते आम्हांस सांगत. सहा महिने झाल्यावर बांधकामवाला म्हणू लागला की लाकूड ओले होते, चौकटी वाकल्या. मंडळी, असे बोलणे सर्वांच्या कानांवरून गेले असेल. त्यावर कायद्याचे उत्तर असे: माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी तक्रार केली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी पत्करला असे धरावयाचे. तोंडी कुरकुर चालावयाची नाही. पण माल कोणत्या दिवशी पोचला हे सिद्ध कशाने करावयाचे? सुताराजवळ पोच घेतलेला चिठोरा नव्हता. टेंपोवाल्याने माल उतरविला आणि तो गेला. येथे आपले घोडे पेंड खाते.

दाद कोठे मागावी? यासाठी राज्य सरकारने परिषदा नेमल्या आहेत. त्यांस सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषद म्हणतात. अर्ज मोबाइलवरून सरकारी संकेतस्थळावर करता येतो. अशा अर्जांसाठी ‘समाधान’ हे संकेतस्थळ ३० ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाले होते. यात एक मोठी सोय आहे. माल घेणारा सुरतेचा असो की इंदूरचा, दावा माल देणाराच्या प्रांतातील परिषदेपुढे चालतो. त्याने आपल्याकडे यावयाचे, आपण त्याच्या गावी खेटे घालावयाचे नाहीत. परिषद आधी समेट घालून पाहते, नाही जमला तर निवाड्यास लावते. निवाडा तुमच्या बाजूने झाला व समोरच्याला तो कोर्टात फिरवून घ्यावयाचा असेल, तर निवाड्याच्या रकमेचा ७५ टक्के भरणा केल्याशिवाय कोर्ट त्याचा अर्ज ऐकत नाही.

हे ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. कायद्यात ९० दिवसांत निकाल लावावा असे आहे. प्रत्यक्षात परिषदांकडे अर्जांचे ढीग पडतात आणि महिन्यांची वर्षे होतात. जो माणूस आठवड्याच्या बाजाराला हातातोंडाची गाठ घालतो त्याला दोन वर्षांनी मिळणारा न्याय किती उपयोगी, हे सरकारने स्वतःला विचारावे.

आता यात कोण बसतो ते सांगतो. १ एप्रिल २०२५ पासून ज्याची यंत्रसामग्री अडीच कोटींपर्यंत व वर्षाची उलाढाल १० कोटींपर्यंत आहे तो ‘सूक्ष्म’ धरला जातो. वाकस-किंकऱ्यावर पोट भरणारा आमचा सुतार आणि दोन कोटींची यंत्रे मांडलेला कारखानदार एकाच पाटावर बसविले आहेत. हे आम्हांस पसंत नाही. मदत वाटावयाची वेळ आली की कोणाचे ताट आधी भरेल हे सांगावयास ज्योतिषी नको. पण पैसे वसूल करण्याच्या कलमात मात्र दोघांचा हक्क सारखा आहे, तेवढा घ्यावा.

नुसते पीक काढणारा शेतकरी यात येत नाही. त्याच शेतकऱ्याने गुऱ्हाळ घातले, लाकडी घाणा मांडला, डाळीची गिरणी टाकली, त्याच्या कारभारणीने लोणची-पापडाचा किंवा शिवणाचा धंदा केला, तर तो धंदा येतो. दुकानदारीस २०२१ सालापासून नोंदणी मिळते, पण ती कर्जाच्या सोयीपुरती. ४५ दिवसांचे कलम विकत घेऊन विकणारास लागत नाही. गवंड्यांनी एक ध्यानात ठेवावे की मालमजुरीसकट बांधकामाचा एकत्र ठेका घेतला असेल तर त्यास हा कायदा लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. तेव्हा असा ठेका घेताना हप्ते आधी ठरवून घ्या.

नोंदणीला ‘उद्यम नोंदणी’ म्हणतात. १ जुलै २०२० पासून ती चालू आहे. तिला एक पैसाही पडत नाही, कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. आधार व पॅन एवढे पाहिजे, बाकी माहिती आपणच सांगावयाची. तरी या कामाचे हजार-दोन हजार उकळणारे दलाल तालुक्याला बसले आहेत, आणि सरकारी वाटावीत अशी खोटी संकेतस्थळेही पुष्कळ आहेत. आणि ही नोंदणी माल देण्याच्या आधी करावी. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मागाहून केलेली नोंदणी आधीच्या मालाला उपयोगी पडत नाही. त्यावर पुढे आणखी खल झाला आहे, पण आपल्यासारख्या गरिबाने वकिलांच्या खलात आपला उखळ कशाला घालावा? आधी नोंदवावे, मग रंधा मारावा.

इतके सगळे असून आपली माणसे या वाटेला कां जात नाहीत? आमच्या मते याचे मूळ बलुत्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या सुताराने बारा महिने नांगर-कुळव भरले, लोहाराने फाळ पाजविले, आणि खळ्यावर रास पडली म्हणजे पाटी घेऊन उभे राहावयाचे. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी लावून पेंढ्या मिळावयाच्या. किती मिळाव्या हे घेणाराने ठरवावे, देणाराने ‘भरून पावलो’ म्हणावे. त्या काळी त्यात निदान एवढे तरी होते की वर्षाचे धान्य घरात येई. आता बलुते गेले, धान्य गेले, पण वर्षभर वाट पाहण्याची खोड मागे उरली. तिचाच फायदा तालुक्याचा शेठ घेतो. तो तर गावचा नव्हे, की तुमच्या मुलीच्या लग्नात पायली दोन पायली पाठवून देईल!

दुसरी गोष्ट भीतीची. ‘दावा लावला तर पुढचे काम तुटेल.’ ही भीती खोटी नाही. एकट्याला ती गिळते हे आम्ही पाहतो. पण सरकारने शेठच्या बाजूनेही एक पाचर मारून ठेवली आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात असे ठरले व १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले की सूक्ष्म व लघु धंदेवाल्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा मिळणार नाही. म्हणजे तुमचे थकविले तर त्याचा कर वाढतो. त्या वेळी काही खरेदीदारांनी लहान धंदेवाल्यांस ‘नोंदणी काढून टाका, नाहीतर माल घेणार नाही’ असे बजाविल्याची ओरड झाली. यावरूनच समजा की कागद तुमच्या हाती असणे त्यांना किती बोचते! एकाने नोंदणी काढली तर शेठ जिंकला. आळीतल्या दहाही जणांनी ठेवली तर चौकटी तो कोणाकडून घेणार?

शेतकरी बंधूंनो, येथे तुम्हांसही दोन शब्द बोलणे भाग आहे, राग मानू नये. कारखान्याने १५ वा दिवस उजाडू दिला की तुम्ही पेटून उठता, आणि ते योग्यच आहे. पण लोहाराच्या भात्यापुढे बसून फाळ शेवटून नेता आणि ‘सुगीला बघू’ म्हणता, त्या लोहाराच्या घरी चूल रोज पेटते. तुमचे उसाचे बिल आले की त्याची बाकी त्याच आठवड्यात जावी. तुमची ओढाताण आम्हांस ठाऊक आहे, आणि लोहार तुमच्यावर दावा लावावयास जाणार नाही हेही तुम्हांस ठाऊक आहे.

आता काम काय करावयाचे ते. माल देण्याआधी चार ओळींचा लेख करा: जिन्नस, नग, दर, पैसे देण्याची तारीख. माल उतरला की घेणाराची तारखेसह सही घ्या. टेंपोवाल्याबरोबर कागदाच्या दोन प्रती पाठवा आणि एक सहीसह परत मागवा. बिलावर आपला उद्यम क्रमांक घाला. पैसे बँकेतून घ्या, म्हणजे किती आले, किती राहिले याबद्दल वाद नको. मुदत टळली की एक नोटीस स्पीड पोस्टाने धाडा. पुष्कळदा एवढ्यानेच गल्ला उघडतो. नाही उघडला तर अर्ज, आणि तोही तीन वर्षे लोटण्याच्या आत. जिल्हा उद्योग केंद्रात याची माहिती मिळते. एकट्याने न जाता तिघा-चौघांनी मिळून जावे, म्हणजे ‘उद्या या’ म्हणावयास कारकुनाची जीभ जरा जड होते.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही येथेच बसणार आहो. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी आधार, पॅन व आधारला जोडलेला मोबाइल घेऊन यावे. ज्यांची बाकी थकली आहे त्यांनी असेल ती वही, चिठ्ठी, बिल, शेठच्या माणसाने मोबाइलवर पाठविलेला निरोप, सगळे आणावे. काही पुसून टाकू नये. वरच्या वर्गातील मुले लिहिण्यास मदत करतील. ज्या बायका शिवणाचे काम घेतात त्यांनी आपल्या स्वतःच्या नावाने नोंदणी करावी, नवऱ्याच्या नावाने नव्हे. बारा वाजता सुरुवात करू.