दप्तरातील चाकू आणि कायदा



पेन्सिलीस टोक काढण्यासाठी किंवा कैरी कापण्यासाठी आणलेला घडीचा चाकू एखाद्या मुलाच्या दप्तरात सापडतो. शिक्षक तो काढून घेतात आणि पोलीस धरून नेतील असा धाक घालतात. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येत नाही. त्याच्या मनात मात्र एक रास्त प्रश्न घोळत असतो : वडील रोज विळा घेऊन भर रस्त्याने शेतावर जातात, त्यांस कोणी का धरीत नाही? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास देता आले पाहिजे.

शस्त्र अधिनियम, १९५९ याने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू 'शस्त्र' या संज्ञेतून वगळल्या आहेत. २०१६ च्या नियमांत सुऱ्यांचे मापही दिले आहे. ज्याचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे आणि जो घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनविलेला नाही, असा सुरा त्या वर्गात येतो. म्हणजे कायदा वस्तूच्या धारेबरोबरच तिचे प्रयोजनही पाहतो. शीख बांधवांची कृपाण धारण करणे हा तर संविधानाच्या अनुच्छेद २५ अन्वये धर्माचरणाचाच भाग मानला आहे.

तथापि एवढ्याने सर्वकाळ मोकळीक मिळते असे नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३७ अन्वये शांतताभंगाचा संभव असल्यास पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. तो आदेश असेपर्यंत त्या क्षेत्रात सार्वजनिक ठिकाणी सुरेच काय, पण काठ्या-लाठ्या बाळगण्यासही बंदी करता येते. आज्ञाभंगास कारावासाची शिक्षा आहे. म्हणून असा आदेश निघाला की शिक्षकांनी तो वाचून त्याचा आशय मुलांस व पालकांस सोप्या शब्दांत सांगावा.

मुलांविषयी कायदा अधिक विचारी आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ प्रमाणे सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या बालकाची समज पाहावी लागते. अशा बालकास तुरुंगाचा खोटा धाक घालणे शिक्षकास शोभत नाही.

तरीही शाळेत चाकू नको, हे निर्विवाद. खेळताना इजा होते आणि भांडणात तोच हाती येतो. शिक्षकांनी तो शांतपणे घ्यावा, कागदात गुंडाळून कपाटात ठेवावा आणि पालकांस बोलावून त्यांच्याच हाती द्यावा. वर्गात पेन्सिलीस टोक करण्याचे एक यंत्र ठेवावे. मुलास कारण समजावून सांगावे आणि ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले की नाही, हे हजेरी घेताना आवर्जून पाहावे.