पहाडगंजची ई-रिक्षा आणि लिथियम

नवी दिल्ली स्थानकातून पहाडगंजच्या बाजूला उतरलात की ई-रिक्षावाले गाठतातच. त्यांतल्या काही रिक्षा आता लिथियम बॅटरीवर धावतात, आणि लिथियमसाठी आपली मदार आयातीवर. म्हणूनच २०२३ साली खाण-खनिज कायदा बदलला. लिथियमसह सहा खनिजे अणुखनिजांच्या यादीतून काढून खासगी कंपन्यांना खुली केली; २४ महत्त्वाच्या खनिजांचे लिलाव केंद्राने हाती घेतले. जानेवारी २०२५ मध्ये अशा खनिजांसाठी १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियानही मंजूर झाले. पण लिलाव जिंकला म्हणजे खाण सुरू, असे नाही. आधी खाण आराखडा मंजूर व्हावा लागतो. ते काम पाहणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पर्यावरण मंजुरीही लागते; सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र अशा खाणींना त्या मंजुरीतल्या जनसुनावणीतून सूट मिळाली. हे मला मुळीच पटत नाही. ज्यांचे शेत आणि पाणी पणाला लागते, त्यांचे म्हणणे आधी ऐकलेच पाहिजे.