चेहरा कुठल्या गावचा?



मुंबईत वर्सोव्याला आरामनगर नावाची जुनी वस्ती आहे. जाहिरातींच्या कितीतरी ऑडिशन तिथे चालतात. कॅमेऱ्यासमोर उभं राहून नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची आणि मग दोन ओळी म्हणायच्या. विनोदी जाहिरात असली की निवड करणाऱ्यांच्या कागदावर हमखास एक मागणी असते : चेहरा ‘पॅन-इंडिया’ हवा. अमृतसरपासून मदुराईपर्यंत कुठेही चालेल आणि कुठलाच वाटणार नाही, असा. आज मला या मागणीविरुद्ध बोलायचं आहे. कुठलाच नसलेल्या चेहऱ्यावर हसू येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

2002च्या सुमारास आलेली फेविकॉलची बसची जाहिरात तुम्हाला आठवत असेल. प्रसून पांडे यांनी ती दिग्दर्शित केली होती. राजस्थानातल्या रखरखीत, खडबडीत रस्त्यावरून एक बस हिंदकळत चालली आहे. टपावर, मागे, दोन्ही बाजूंना माणसं लगडलेली, आणि एवढे गचके बसूनही कुणी पडत नाही. बस पुढे गेल्यावर मागची फेविकॉलची पाटी दिसते आणि सगळा उलगडा होतो. संवाद एकही नाही. त्या गर्दीत नावाजलेला नटही नाही. पागोटी, घुंगट आणि उन्हाने रापलेले चेहरे आहेत. ती माणसं पुरेपूर राजस्थानी आहेत. तरीही आपल्या सातारा-सांगलीकडे वडापच्या जीपला लटकून बाजार गाठलेल्या माणसाला ती बस आपलीच वाटते. चेहरा त्या मातीतला असला आणि प्रसंग सगळ्यांच्या अंगावरून गेलेला असला, की विनोदाला दुभाष्या लागत नाही.

अनेक भाषांच्या प्रेक्षकांसाठी नट निवडायची खरी कसोटी मला इथेच दिसते. तीस सेकंदांची जाहिरात जेव्हा सात-आठ भाषांत डब होते, तेव्हा पहिला घाव शब्दांवर पडतो. हिंदीत तीन शब्दांत बसलेली कोटी दुसऱ्या भाषेत सहा शब्द मागते, आणि ओठ मात्र तीनच शब्दांपुरते हललेले असतात. टिकतो तो ऐकणाऱ्याचा चेहरा. म्हणून ऑडिशनमध्ये नटाला बोलायला लावण्याआधी ऐकायला लावावं. समोरचा सांगतोय, ‘जावईबापू महिनाभर राहायला येताहेत.’ सासरेबुवांचा आनंद पापणीपर्यंत जातो आणि तिथे अडतो. ज्याला हे जमतं, त्याला घ्यावं. त्याचं नाक कुठल्या प्रांताचं आहे, ही चौकशी करू नये.

चेहराच काढून टाकण्याचा मार्गही एकदा वापरला गेला, आणि फार कसबाने. 2009 साली लोकसभा निवडणुकीमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत खेळवलं गेलं. त्या मोसमात व्होडाफोनचे पांढरेशुभ्र झूझू घराघरांत पोचले. अनेकांना ती ॲनिमेशनची करामत वाटली. प्रत्यक्षात पांढऱ्या पोशाखांच्या आत जिवंत माणसं होती, बहुतेक सडपातळ बांध्याच्या स्त्रिया. चित्रण केपटाऊनला झालं. डोळे, तोंड, भाव वरून चिकटवलेले, आणि बोलणं म्हणजे कुठल्याही भाषेत न बसणारे आवाज. ते झूझू मला मनापासून आवडतात. पण सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून पडद्यावरून माणसंच वगळायची, हा उपाय एखाद्या वेळी शोभतो. त्याचा नेम होऊ नये.

नटाची निवड चुकली की काय होतं, याचं उदाहरण सिंगापूरचं आहे. तिथे चिनी वंशाचे लोक सुमारे पाऊण, बाकी मलाय, भारतीय आणि इतर. अधिकृत भाषा चार. 2019 साली तिथे डिजिटल पेमेंटची एक जाहिरात आली. ही सोय सर्वांसाठी आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी डेनिस च्यू या चिनी वंशाच्या लोकप्रिय कलाकाराला चार वेषांत उभं केलं. त्यांतली एक हिजाब घातलेली मलाय स्त्री होती आणि एक भारतीय पुरुष. त्या भारतीयासाठी च्यू यांच्या कातडीचा रंग गडद केला होता. लोक संतापले, जाहिरात मागे घेतली गेली, संबंधितांनी माफी मागितली. पुढे च्यू यांनीही मागितली.

नट बहुरूपी होता, हेतू हलकाफुलका होता, हे खरं मानलं तरी माझा आक्षेप राहतोच. ज्या शहरात मलाय आणि तमिळ नट राहतात, तिथे त्यांच्याच वाटचं काम दुसऱ्याला रंग फासून दिलं गेलं. सर्वांसाठी असलेल्या गोष्टीच्या जाहिरातीत सर्वांना जागा नव्हती. आपल्या सावळ्या रंगाचा कुणी डबीतून काढलेला लेप करतो, तेव्हा हसायचं कुणी?

आता थोडं घरचं. हिंदी जाहिरातींत आणि सिनेमांत मराठी बाई दिसली की ती बहुधा कामवाली असते आणि मराठी पुरुष हवालदार. ही दोन्ही कामं कष्टाची आणि मानाची आहेत. पडद्यावर ती जरूर दिसावीत. मला खटकतं ते एवढंच, की विनोद त्या कामवालीच्या हाती नसतो. ती चुकीचं हिंदी बोलते आणि मालकीण हसते. तिलाच चोख टोमणा द्या आणि मालकिणीला निरुत्तर करा. उषा नाडकर्णी किंवा निर्मिती सावंत यांचं टायमिंग पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. बँकेची मॅनेजर, विमानाची पायलट, गाडी घ्यायला आलेली आजी अशा भूमिकांसाठीही मराठी बाईला बोलवा आणि तिचा हेल तसाच राहू द्या.

विनोद बोलण्यावरच उभा असेल, तर डबिंगने भागवू नये. शीतपेयांच्या कंपन्या तेलुगू, तमिळ प्रेक्षकांसाठी तिथले नट घेऊन वेगळी जाहिरात करतात. मराठीच्या वाट्याला मात्र बऱ्याचदा हिंदीचं डबिंग येतं. आपल्याला हिंदी समजतं, हे त्याचं कारण. पण समजणं वेगळं आणि खळखळून हसू येणं वेगळं. सेट उभा असतो, दिवे लागलेले असतात, कॅमेरा तिथेच असतो. त्याच चौकटीत एका मराठी नटाला आणून तोच प्रसंग त्याच्या बोलीत करून घ्यायला काही तास पुरतात. नागपूरचा नट घेतलात, तर त्याला पुण्याची मराठी बोलायला लावू नका.