पोटगीचा वाटा


आईबाप विभक्त झाले. एक मूल आईपाशी आणि दुसरे इथे मानपाड्यास आजीपाशी राहिले, तर पोटगीचा हिशोब कसा करावा? कायद्यात त्याचे ठरीव कोष्टक नाही. परंतु १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलांचा भार आई व बाप दोघांवरही घातला आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात दर मुलामागे दरमहा ३,००० रुपये धरून ते बाप व आई यांच्यात २:१ असे वाटले. बापाचा पगार सुमारे दुप्पट होता.

हेच प्रमाण आपल्या उदाहरणास लावा. बापाने दोन्ही घरी २,००० रुपये पोचवावेत. आईनेही आजीला १,००० द्यावेत. पैसा मुलाच्या पाठोपाठ जावा. आजीची माया फुकट मिळते. दूध आणि वह्या मिळत नाहीत.