बंबाची निगा

जबलपूरला मार्गशीर्ष लागला, की नर्मदेकडून येणारा पहाटवारा अंगाला झोंबू लागतो आणि घरोघरी पहिला विचार होतो तो ऊन पाण्याचा. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. तो, रेल्वे, कचेऱ्या आणि शाळा यांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे या शहरात येऊन स्थायिक झाली, त्यांच्या सामानात तांब्याचा बंब असावयाचाच. आज त्यांतील कित्येक बंब दिवाणखान्यात शोभेला ठेवलेले दिसतात. काही मात्र अजूनही भल्या पहाटे पेटतात. ज्यांचे पेटतात त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या न्हाणीघरात बंबाची गादी विजेच्या अगर गॅसच्या गीझरने घेतली आहे त्यांच्यासाठीही, आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. गीझर हा बंबाचाच वारस आहे, आणि बापाची दुखणी लेकाला आलेली आहेत.

बंबाची रचना मोठी सुबक. बाहेर तांब्याचे उभे पिंप, मधोमध विस्तवाची नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि तिच्याखाली राखेची जागा. पाणी राहते ते पिंप आणि नळी यांच्यामधल्या पोकळीत. विस्तव असा पाण्याच्या पोटातच असल्यामुळे उष्णता फुकट जात नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीने अशा भांड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हात चालविला आहे.

आता या भांड्याचे मर्मस्थान कोठे आहे ते पाहा. तांबे वितळावयास १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते; पण ज्या डाखाने सांधे जोडलेले असतात तो कथील व शिसे यांचा डाख दोनशे अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागतो. आत पाणी आहे तोवर सांध्याची उष्णता शंभराच्या फारशी वर जात नाही. पाणी संपले आणि विस्तव तसाच राहिला, की थोड्याच वेळात डाख सुटतो. म्हणून आधी पाणी, मग विस्तव. आणि शेवटच्या माणसाची आंघोळ आटोपली तरी निखारे विझेपर्यंत बंबात पाणी असू द्यावे, हा जुन्या गृहिणींचा दंडक होता. त्यांना धातुशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु डाखाचे शास्त्र पक्के ठाऊक होते.

बंब गळतो अशी तक्रार आली, की लगेच तांबटाकडे धावू नये. आधी गळती कोठली ते ठरवावे. लाकडे पेटविली, की त्यांतील ओल आणि जळण्यातून निघणारी वाफ नळीच्या थंड भिंतीवर जमून थेंबथेंब राखेत पडते. बंब तापला की हे थेंब आपोआप थांबतात. ती गळती नव्हे. खात्री करावयाची तर रात्री बंब काठोकाठ भरावा, पेटवू नये, आणि जाळीखाली कोरडी राख पसरून ठेवावी. सकाळी राख भिजलेली दिसली तर नळीचा सांधा गेला असे समजावे. राख कोरडी पण बाहेरच्या कडेखाली ओल असेल तर बुडाचा. आणि दोन्हीकडे कोरडे असून तोटीशीच थेंब असेल, तर बहुधा तोटीची चकती बदलून काम भागते. विस्तव धुमसत राहत असेल तर दोष बहुतेक वेळा कोळशाचा नसतो, जाळीत दाटलेल्या राखेचा असतो. खालून वारा मिळाला नाही तर अग्नी तरी काय करील?

परंतु बंबाचा खरा शत्रू राख नव्हे, पाणीच. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहावयास देशोदेशींचे लोक येतात. तो संगमरवर म्हणजे चुनखडीच्याच जातीचा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांनी भरलेला दगड. अशा दगडांतून झिरपलेले पाणी चुना विरघळवून आपल्याबरोबर आणते. विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्यात हा अंश अधिक. गार असताना तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापले की तो वेगळा होऊन भांड्याला पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने चिकटतो. हा पापुद्रा उष्णतेला वाट देत नाही. कोळसा तितकाच घालूनही पाणी तापण्यास उशीर लागू लागला, तोटीची धार बारीक झाली, पाण्याबरोबर पांढरे कण येऊ लागले, तर थर साचला असे समजावे. चिंचेचे पाणी, लिंबू अगर व्हिनेगर घालून रात्रभर ठेवावे. आम्लाने चुना फसफसून सुटतो, आणि सकाळी दोनदा विसळले की काम होते. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब चिंचेने घासून लखलखीत करण्याची जी चाल आहे, तिच्यात बाहेरच्या झळाळीबरोबर आतल्या पोटाचीही आठवण ठेवावी. तेजाब मात्र कदापि वापरू नये. ते चुन्याबरोबर डाखही खाते.

हाच थर गीझरच्या तापणाऱ्या कांबीवर बसतो. गीझरमधून कढत पाण्यासारखा खदखद आवाज येऊ लागला, तर थराखाली कोंडलेले पाणी वाफ होऊन फुटत आहे असे समजावे. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी आपण गंजावे एवढेच तिचे काम! ती संपली की टाकी गंजू लागते. म्हणून दोन-एक वर्षांनी ती पाहून घ्यावी. गीझर तापताना त्याच्या सुरक्षा-झडपेतून पाणी ठिबकते, आणि पुष्कळ लोक वैतागून तिला बूच मारतात. हे फार वाईट. पंचवीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापविले, की ते सुमारे चारशे मिलिलिटरांनी फुगते. त्याने जावे कोठे? ती वाट बुजविणे म्हणजे घरात स्फोटक ठेवण्यासारखे आहे.

एका गोष्टीकडे मात्र अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. आमच्या आजोळी बंब अंगणात अगर पडवीत असे, आणि गोव्यात पाणी तापविण्याचे भाण न्हाणीतल्या चुलीवर असले तरी वर धुराला वाट असे. पुढे घरे लहान झाली, न्हाणीघराला पक्के दार आले, थंडी आत येऊ नये म्हणून झरोका कागदाने बुजविला गेला, आणि विस्तव मात्र आतच राहिला. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, माणसाला बाहेर काढतो. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तसा प्रामाणिक नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील रंजकद्रव्याशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात. माणसाला वाटते, पाणी फार कढत झाले. तोवर कडी काढण्याचे बळ उरलेले नसते. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर अगदी हेच करतो, आणि दर हिवाळ्यात तरुण, धडधाकट माणसांच्या अशा मृत्यूच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात.

उपाय साधा आहे. बंब अगर गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. ते अशक्यच असेल, तर बादली आधी भरून घ्यावी, विस्तव विझवून अगर बाहेर नेऊन, दार उघडून आतली हवा बदलू द्यावी आणि मगच कडी लावावी. गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली तर त्या दिवशी गार पाण्याने आंघोळ करावी. आत कोणी हाकेला ओ देत नसेल, तर आपण श्वास रोखून दार उघडावे, त्या व्यक्तीला ओढून उघड्यावर आणावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

परदेशांत, आणि आता आपल्याकडील मोठ्या बंगल्यांतूनही, ऊन पाण्याचे हौद असतात. त्यांत चार माणसे एकत्र बसतात आणि पाणी दिवसेंदिवस तेच फिरत राहते. त्यांची दुखणी निराळी. कोमट पाणी जंतूंना मानवते. म्हणून गाळणी धुणे, क्लोरिनचे प्रमाण राखणे, पाणी वेळच्या वेळी बदलणे यांत कुचराई चालत नाही. १९९९ साली नेदरलंड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात असाच एक हौद नुसता दाखविण्यासाठी चालू ठेवला होता. त्याच्या तुषारांतून लीजनेला नावाचे जंतू हवेत पसरले आणि सुमारे तीस माणसे दगावली. त्यांतील कोणी त्या पाण्यात पाऊलही घातले नव्हते. आपला बंब या बाबतीत निर्दोष आहे, कारण त्याचे पाणी त्याच सकाळी संपते. गीझरचे पाणी मात्र टाकीत पडून राहते. म्हणून तो फार खाली, कोमटावर लावून ठेवू नये. साठ अंशांच्या सुमारास ठेवावा आणि बादलीत गार पाणी मिसळून घ्यावे.

होळीनंतर बंबाची गरज संपते. त्या वेळी तो अर्धवट भरलेला ठेवल्यास पाण्याच्या रेषेवर हिरवा कळंक धरतो. शेवटची राख काढून नळी झाडावी, पाणी संपूर्ण ओतून टाकावे, एक-दोन दिवस उन्हात वाळवावा, तोटी उघडी ठेवावी आणि झाकण काढून, कोरड्या जागी पालथा घालून ठेवावा.