एक मुक्काम, रोज एक फेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचं. हिशेबाची वही तेवढी नीट ठेवता येते, म्हणून यंदाच्या सहलीची आखणी आपण माझ्याकडे सोपवलीत. ती सहल कशी ठरवली ते चार शब्दांत सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. पण तिची गोष्ट सांगायची तर आधीच्या सहलीची सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला थोडं खाली मान घालूनच बोलावं लागेल.

2016 साली आपल्यातल्या चौदाजणी भाड्याची गाडी करून गेलो होतो. तीन दिवसांत शेगाव, अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि शिर्डी. कागदावर किती छान दिसत होतं! रोज रात्री नवं गाव, रोज पहाटे वळकट्या बांधायच्या, रोज कोणाची तरी पिशवी मागे राहायची. अजिंठ्याला पोचलो तो वार सोमवार. लेणी सोमवारी बंद असतात हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. मग तशीच गाडी वळवून वेरूळला आणली. शंभर किलोमीटरच्या वर रस्ता, दोघींना गाडी लागलेली, आणि पोचेतो उन्हं उतरायला आलेली. सूर्य मावळला की लेणी बंद. हातात जेमतेम तास होता.

गाडीचं मागचं दार नीट लागत नव्हतं. सगळ्यांचं सामान आत. कोणीतरी सामानापाशी थांबायला हवं होतं.

आमच्या गल्लीतल्या काकू तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. गुडघे धरलेले. मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही बसा, आम्ही भरभर पाहून येतो." त्या लगेच म्हणाल्या, "जा व बाई. सामानापाशी कोनी तं पाह्यजे." आम्ही पळत गेलो आणि पळत आलो. खरं सांगते, मला त्या दिवशीचं कैलास लेणं आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की गाडीत शिरताना काकूंनी विचारलं, "हत्ती लय मोठे हायेत का वं?"

काकूंच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीवर एका जुन्या दिनदर्शिकेचं पान चिकटवलेलं आहे, हे मला नंतर कळलं. वर्ष उलटून गेलं तरी त्यांनी ते काढलं नव्हतं. त्यावर कैलास लेण्याचं चित्र होतं. धुरानं काळवंडलं होतं, पण हत्ती ओळखू येत होते. मी हळदीकुंकवाला गेले, ते पाहिलं, आणि वाण हातात घेऊन नुसती उभी राहिले. लेण्यापासून दोनशे पावलांवर मी त्यांना सामान राखायला बसवलं होतं.

असो. तर यंदा आखणी करताना मी एकच गोष्ट मनाशी धरली. सामान राखायला कोणाला बसवायचं नाही. आणि ते साधायचं असेल तर सामान एकाच ठिकाणी, कुलुपात राहिलं पाहिजे. म्हणजे मुक्काम एकाच गावी करायचा आणि तिथून रोज रिकाम्या हातांनी एक फेरी करून संध्याकाळी परत यायचं. माझा भाचा जर्मनीत न्यूरेंबर्ग नावाच्या जुन्या शहरात नोकरीला आहे. त्याला फोनवर हे सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "मामी, इकडेही लोक असंच करतात. न्यूरेंबर्गला खोली घेतात, एक दिवस रेल्वेनं बांबेर्ग, एक दिवस रोथेनबुर्ग, रात्री परत त्याच खोलीवर." मला जरा धीर आला. सातवी शिकलेल्या बाईचं डोकं अगदीच चुकत नव्हतं म्हणायचं.

मुक्कामाला औरंगाबाद ठरलं. 2023 पासून त्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आहे, पण तोंडाला जुनी सवय आहे, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. या गावाला नावं बदलायची सवयच आहे. मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास वसवलं तेव्हा ते खडकी होतं. आपल्या कामाची गोष्ट ही, की तिथल्या बसस्थानकावरून चारी दिशांना एस.टी. सुटते. दौलताबाद पंधरा किलोमीटर, वेरूळ तीस, पैठण पन्नास, अजिंठा शंभर. अंतरं ही अशी चढती, म्हणून फेऱ्याही चढत्या ठेवता येतात.

मग आला वारांचा घोळ. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मी मुलाच्या जुन्या वहीचं पान फाडून सात घरं आखली आणि आधी ही दोन घरं काळी केली. तेवढ्यात आपल्यातल्या तिघी म्हणाल्या, सोमवार तर शंकराचा, वेरूळला सोमवारीच जायचं, घृष्णेश्वराचं दर्शन त्याच दिवशी व्हायला हवं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बारा ज्योतिर्लिंगांतलं ते एक, लेण्यांपासून अगदी जवळ. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. पण सोमवारची रांग म्हणजे गुडघ्यांचं मरण. बैठकीत आवाज चढला. शेवटी काकूच म्हणाल्या, "देव काय सोमवारीच घरी असते? बुधवारी जाऊ ना." त्यावर कोणी बोललं नाही.

तर रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं आटोपली, आणि 2025 च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे आम्ही अकराजणी निघालो. आपली शकुंतला तर बंदच पडली, म्हणून एस.टी. हाच आधार. दारव्हा, कारंजा, मेहकर, जालना असा दिवसभराचा प्रवास. सिंदखेडराजाला गाडी थांबली तेव्हा जिजाऊंच्या गावाला खिडकीतूनच हात जोडले. 2023 च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून फुकट. काकूंना शहात्तरावं लागलेलं. वाहकानं त्यांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवलं. ते त्यांनी पदराच्या गाठीत बांधलं. त्या गाठीत दुसरं काय होतं ते मी विचारलं नाही. भिशीतून दर महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकत आलो होतो, त्यात बाकीचं भागलं.

सोमवार मी मुद्दाम हलका ठेवला. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही डोंगर चढायला लावू नये, हे मी ठेच लागून शिकले आहे. तरी आपल्यातल्या चौघी तरुण सुना ऐकेनात. त्यांना देवगिरीचा किल्ला पाहायचा होता. यादवांची राजधानी, पुढे महंमद तुघलकानं दिल्लीहून आपली राजधानी हलवली तीही इथंच. शेकड्यांनी पायऱ्या आणि मध्ये तो अंधारी भुयारी रस्ता. मी म्हटलं, जा, पण दुपारी चारला मकबऱ्याच्या दारात भेटा. त्या सकाळी गेल्या, आम्ही सातजणींनी वेण्या घातल्या, कपडे वाळत टाकले आणि दुपारी सावकाश मकबरा पाहिला. औरंगजेबाची बायको दिलरस बानू, तिच्या आठवणीत मुलानं, आजमशाहानं, तो बांधवला. ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी बांधला, हा मुलानं आईसाठी. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "सून असती तर पानचक्कीच बांधली असती, निदान दळण तरी झालं असतं!" रखवालदारसुद्धा हसला. मग पानचक्कीही पाहिली. जमिनीखालच्या नळांतून लांबून आणलेल्या पाण्यावर जातं फिरतं. रोज दळणाला जाणाऱ्या बाईनं ते पाहावंच.

मंगळवारी पैठण. एकनाथ महाराजांचं राहतं घर, जिथं प्रत्यक्ष देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत होता असं सांगतात, तो रांजण, मग गोदाकाठची समाधी. नाथांनी 1599 साली तिथंच गोदावरीत देह ठेवला. वरच्या अंगाला जायकवाडीचं धरण, पाण्याला पलीकडचा काठ दिसत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायका आम्ही. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. एका मागावर पैठणी विणताना पाहिली. पदरावरचा मोर एकेक धागा घालून हातानं उठवतात. किंमत विचारली आणि हात मागे घेतले.

बुधवारी वेरूळ.

तिथं एकंदर चौतीस लेणी आहेत. बौद्धांची बारा, हिंदूंची सतरा, जैनांची पाच. मी आधीच सांगून टाकलं होतं, की आज चौतीस पाहायची नाहीत. कैलास सोळावं आणि ते आत शिरताच समोर लागतं, चढण नाही. सकाळी उन्हं कोवळी असताना आम्ही काकूंना घेऊन तिथं गेलो आणि घड्याळ पिशवीत टाकलं. ज्यांना हौस होती त्या दहावं, सुतार लेणं, पाहून आल्या. त्याच्या छताला दगडातच लाकडी वासे कोरलेत म्हणून ते नाव. जैन लेणी थोडी दूर आहेत, ती राहिली. राहू दे.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, त्याच्या काळात, आठव्या शतकात हे लेणं कोरलं, असं सांगतात. दगडावर दगड ठेवून बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली फोडत आणला आणि मधोमध देऊळ ठेवलं. काकू तळाच्या हत्तींपाशी गेल्या. हत्ती त्यांच्या डोक्याच्या वर होते. हात लावू नये असं लिहिलेलं, म्हणून हात मागे बांधून त्या एकेका हत्तीपुढे उभ्या राहिल्या. पूर्ण प्रदक्षिणा केली. दोनदा बसल्या, दोनदा उठल्या. रावण कैलास हलवतो ते शिल्प दाखवलं, पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली. ते त्यांना फार आवडलं नाही. मग वर मान करून त्यांनी मला विचारलं, "वरून खाली फोडलं म्हनतेस, तं पयला घाव कुठं घातला असन? अन् ज्यानं घातला त्याले हे पुरं झालेलं दिसलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "काकू, त्या वेळी मी तुम्हाला गाडीत बसवायला नको होतं." त्या म्हणाल्या, "मग दार कोनी धरलं असतं?" आणि पुन्हा हत्तींकडे पाहू लागल्या. त्या रागावल्या होत्या की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

दुपारी घृष्णेश्वर झाला. रांग पाऊण तासाची. दशम्या आणि ठेचा देवळाबाहेर झाडाखाली बसून खाल्ला.

गुरुवारचा अजिंठा हा सर्वांत लांबचा पल्ला. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसनं आणखी चार किलोमीटर जावं लागतं, वर पायऱ्या. डोलीवाले असतात, मी चौकशीही करून ठेवली होती. पण आदल्या रात्रीच काकू म्हणाल्या, "उद्या मी येनार नाही. मले पाहाचं होतं ते पाह्यलं." आणखी दोघींचे पाय भरून आले होते, त्याही थांबल्या. खोलीला कुलूप होतं, राखायला काही नव्हतं. त्या तिघी बाजारात फिरल्या, भाजी आणली, शेगडीवर पिठलं केलं. आम्ही आठजणी पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिला, सतराव्यातली चित्रं पाहिली, सव्विसाव्यात वीस फुटांहून लांब पहुडलेला बुद्ध पाहिला. आत उजेड मंद असतो. डोळे सरावेपर्यंत भिंतीपुढे गप्प उभं राहावं लागतं, मग हळूहळू चेहरे वर येतात. घाईत असता तर आम्हाला नुसता अंधारच दिसला असता. रात्री नऊला परत आलो तेव्हा पिठलं गरम होतं.

शुक्रवारी घरी.

हिशेब वहीत लिहिला आहे, ज्यांना पाहायचा त्यांनी जरूर पाहावा. माणशी एकशे चाळीस रुपये उरले, ते परत केले आहेत. पुढच्या माघासाठी नाशिकला मुक्काम करून त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगीच्या फेऱ्या धराव्या असं काहीजणींचं म्हणणं आहे. तिथं कुठे कुठल्या वारी काय बंद असतं, ते मी आधी विचारून घेते. नावं एकादशीपर्यंत माझ्याकडे द्यावीत, आणि नावापुढे गुडघे कसे आहेत तेही लिहावं. काकूंचं नाव पहिलं आलं आहे.