उतारवयातील सायकल

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यापुढे केलेले भाषण)



ज्येष्ठ मंडळींपुढे चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा मधुमेह, मृत्युपत्र अथवा तीर्थयात्रा यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ अशी त्यांची समजूत असावी. विषय सायकलीचा आहे असे कळविताच, "मग विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलता का?" असे त्यांनी मोठ्या आदराने विचारले. आमच्या आजच्या भाषणाचे कारण या एका प्रश्नातच आहे. सायकल ही पोरांची वस्तू. पिकल्या केसांच्या माणसास ती शोभत नाही, हा समज आपल्या मनात फार खोल रुजला आहे. तो थोडा हलवावा एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

वास्तविक आपल्यापैकी बहुतेकांची सायकलीशी ओळख जुनी आहे. आपले पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच प्रसिद्ध होते. तासाच्या बोलीने भाड्याची सायकल आणावी, पाय पुरत नाहीत म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून ती चालवावी आणि गुडघे फोडून घेऊन घरी यावे, हे शिक्षण आपण सर्वांनी घेतले. पुढे कॉलेज, कारखाना, कचेरी सारे तिच्याच जोरावर झाले. हँडलला पिशवी, कॅरिअरवर जेवणाचा डबा, पालिकेच्या कराचा तो बिल्ला आणि रात्री दिवा नसला की चौकातल्या पोलिसाचा धाक, हे सारे अजून डोळ्यांपुढे आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी सायकल हा आपला छंद नव्हता, ती गरज होती. घड्याळ पुढे आणि आपण मागे, अशी ती धाव असे. वाटेतला गुलमोहोर फुलला आहे की नाही हे पाहण्यास कोणास सवड होती?

पुढे बरे दिवस आले. स्कूटर आली, मग मोटार आली. सायकल प्रथम जिन्याखाली गेली आणि काही वर्षांनी मोडीत गेली. आपल्या समाजात तर सायकल सुटली म्हणजे माणूस मार्गी लागला, असेच मानण्याची पद्धत पडली. जिने आपल्याला वर आणले तिचीच पुढे आपणांस लाज वाटू लागली. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी नातवाच्या सायकलीचे पंक्चर काढून आणण्याचे काम आमच्याकडे आले. दुकानापासून घरापर्यंत हातात धरून आणावयाची ती सायकल, कोणी पाहत नाही असे बघून, आम्ही चालवीत आणली. अंतर जेमतेम अर्ध्या मैलाचे. परंतु कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नाही आणि तरी आपण आपल्या पायांच्या बळावर पुढे चाललो आहोत, हा अनुभव आम्हांस आयुष्यात प्रथमच आला. तो आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. त्यानंतर आम्ही स्वतःसाठी सायकल घेतली आणि रोज पहाटे बाहेर पडू लागलो.

आठ दिवसांत एका ज्ञातिबंधूंचा आमच्या चिरंजीवांस दूरध्वनी आला. "घरी काही अडचण आहे काय? वडिलांना सायकलवर पाहिले." त्यांनी हे आपुलकीने विचारले, यात शंका नाही. परंतु त्या रात्री चिरंजीव आमच्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, तुम्हांला कोठे जायचे असेल तेथे मी सोडीन. लोकांत बरे दिसत नाही." बाप पडेल याची नव्हे, तर बाप दिसेल याची त्यांना चिंता वाटत होती. आम्ही त्यांना दोष देत नाही. लोकांत काय दिसते हे पाहावयास आम्हीच त्यांना शिकविले होते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यात ओल्या पानांवरून चाक घसरून आम्ही पडलो आणि डावे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. घरात एकच निकाल झाला, की सायकल आता बंद. त्या सहा आठवड्यांत आम्हांस हाताच्या दुखण्यापेक्षा दुसरेच दुःख अधिक झाले. कोपऱ्यावरच्या वाचनालयात जावयाचे तरी "कोणी येते का बरोबर?" असे विचारावे लागे. म्हातारपण म्हणजे केस पिकणे नव्हे. घराचा उंबरा ओलांडण्यास दुसऱ्याची सवड पाहावी लागणे, हे खरे म्हातारपण होय, असे आम्हांस तेव्हा कळले.

हात बरा झाल्यावर चिरंजीवांशी आम्ही तह केला. त्याची कलमे अशी : दरवर्षी डोळे आणि रक्तदाब तपासून घ्यावा, पावसात आणि अंधारात बाहेर पडू नये, वर्दळीचा रस्ता टाळावा, डोक्यावर हेल्मेट असावे, आणि मधला आडवा दांडा नसलेली, सहज पाय काढून उतरता येईल अशी सायकल घ्यावी. ही सायकल बायकांची म्हणून कोणी हसेल तर हसो. पाय उंच टाकून चढता-उतरताना तोल जाण्याचा जो धोका असतो तो तिच्यात कमी असतो. हा तह आजवर दोन्ही पक्षांनी पाळला आहे.

उतारवयात सायकल धरणारे आपणच पहिले आहोत असेही नाही. रशियाचे थोर साहित्यिक टॉल्स्टॉय १८९५ साली वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकले. त्याच वर्षी त्यांचा सहा वर्षांचा लाडका मुलगा वारला होता. त्यांची ती सायकल मॉस्कोतील त्यांच्या घराच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. अमेरिकेत दारूबंदीच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड या बाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी १८९५ साली पुस्तकही प्रसिद्ध केले. फ्रान्सचे रॉबेर मार्शां यांची गोष्ट तर अद्भुतच आहे. १९११ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी मध्ये कित्येक वर्षे सोडलेली सायकल साठी उलटल्यावर पुन्हा हाती घेतली आणि ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापले. २०२१ साली १०९ वर्षांचे होऊन ते वारले. शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली तेव्हा, १०१ ते १०३ या वयात प्राणवायू वापरण्याची त्यांच्या शरीराची कमाल शक्ती घटण्याऐवजी सुमारे १३ टक्क्यांनी वाढली असे आढळले. त्यांच्या सरावाचा फार मोठा भाग हलक्या, सावकाश चालविण्याचा होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपणांस त्यांच्याशी स्पर्धा करावयाची नाही. परंतु साठीनंतर शरीर केवळ झिजतच जाते, ही समजूत मात्र सोडून द्यावयास हरकत नाही.

सायकल म्हाताऱ्या शरीरास का मानवते, तेही थोडक्यात सांगतो. चालताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. सायकलवर त्यातला बराचसा सीट वाहते, आणि पाय फिरत राहून मांड्यांचे स्नायू मजबूत होतात. मात्र भार नसल्यामुळे हाडांना बळकटी येण्यास ती पुरेशी नाही, यास्तव चालणे सोडू नये. पायडल अगदी खाली असता टाच तिच्यावर टेकली आणि पाय सरळ झाला, की सीटची उंची बरोबर आली असे समजावे. भीतीपोटी सीट फार खाली घेतली तर गुडघे दुखू लागतात. आरंभी तोल सावरेपर्यंत ती खाली ठेवून पुढे थोडी थोडी वर करावी. चढावर जोर लावू नये, हलका गिअर टाकावा. चालविताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपतच दम लागू द्यावा. पासष्टी उलटलेल्यांनीही आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. रोज अर्धा तास सायकल म्हटली तर पाच दिवसांत हे १५० मिनिटांचे माप भरते. ज्यांना चक्कर येते, दृष्टी अधू आहे अथवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून या वाटेस जाऊ नये. काहींना तीन चाकी सायकल सोयीची पडेल. तिच्यातही कमीपणा नाही.

आता आमच्या तीन विनंत्या. पहिली तरुण मंडळींस : वडीलधाऱ्यांना जपा, पण जपणे म्हणजे जखडणे नव्हे. बंदी घालण्याऐवजी तह करा. दुसरी भगिनींस : लहानपणी भावांना सायकल मिळाली आणि तुम्हांला "पडशील, मुलीची जात" असे ऐकावे लागले, अशा कितीतरी जणी या सभागृहात असतील. आमच्या सौभाग्यवती त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी त्या मोकळ्या मैदानात शिकल्या. पहिल्यांदा कोणी न धरता वीस पावले गेल्या आणि उतरून डोळे पुसू लागल्या. आम्ही कारण विचारले नाही. तिसरी विनंती संघास : गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, तो अवश्य करावा, परंतु महिन्यातून एका रविवारी ज्येष्ठांनी सकाळी सायकली घेऊन संघाच्या दारी जमावे, एवढीही प्रथा पाडावी. चार जण दिसू लागले म्हणजे पाचव्यास लाज वाटत नाही, आणि कोणाच्या घरी अडचण आहे काय असा दूरध्वनीही येत नाही.

आपल्या भाषेने या वयास उतारवय असे नाव दिले आहे. उतारावर सायकल फारशी मारावी लागत नाही, हे ज्याने चालविली त्यास ठाऊक आहे. तेथे ब्रेक मात्र चांगले हवेत, आणि नजर रस्त्यावर हवी. एवढे सांभाळले तर सबंध प्रवासात वारा अंगावर घेण्याची आणि आजूबाजूला पाहण्याची खरी सवड याच टप्प्यावर मिळते. ती सवड कोणी केवळ लोकलज्जेपायी घालवू नये, एवढेच आमचे सांगणे.